राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धेतला डाव: पुण्यातल्या मुली आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

एप्रिल २०२५ मध्ये हडपसरच्या अमनोरात महिला ग्रां प्री झाली. कोनेरू हम्पी आणि चीनच्या झू जिनर या दोघींचे ९ फेऱ्यांत ७ गुण झाले, टायब्रेकवर हम्पी पहिली आली आणि नागपूरची दिव्या देशमुख तिसरी. तीन महिन्यांनी त्याच दिव्याने जॉर्जियात बाटुमीला हम्पीलाच हरवून महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून माझ्या बुद्धिबळाच्या क्लासच्या दारात उभे राहणारे पालक एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत: "आमची मुलगी नॅशनल खेळेल का?" उत्तर देण्याआधी मी त्यांना विचारतो, नॅशनलमधला एक डाव कसा असतो ते पाहिलंय का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो. म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत.

एक डाव किती वेळ चालतो?

या पातळीवर नेहमी दिसणारी वेळेची अट अशी असते: पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकीला ९० मिनिटं, त्यानंतर आणखी ३० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. आता हिशेब मांडा. डाव ६० चालींचा झाला तर एकीच्या वाट्याला ९० अधिक ३० अधिक भरीची ३०, म्हणजे दीडशे मिनिटं येतात. दोघींची मिळून पाच तास. नॅशनलमध्ये ६० चालींचा डाव ही काही नवलाईची गोष्ट नाही. ८० चालीही होतात.

रविवारच्या रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या स्पर्धांमध्ये वाढलेल्या मुलीला हे पचायला सर्वात अवघड जातं. तिला खेळ येत असतो, पण तासाभरात उठायची सवय लागलेली असते. मग चौथ्या तासाला हात आपोआप चालायला लागतो, डोकं मागे राहतं आणि तीन तास जपलेला डाव दोन चालींत जातो. माझ्याकडे राष्ट्रीय स्पर्धेच्या तयारीची सुरुवात इथूनच होते. महिन्यातून निदान एक-दोन डाव पूर्ण वेळेचे, घड्याळ लावून, चाली लिहून खेळायचे. समोर मैत्रीण असली तरी चालेल, पण मध्ये उठून टीव्ही बघायचा नाही.

नॅशनलमध्ये प्रवेश कसा मिळतो?

जिल्हा, मग राज्य निवड स्पर्धा आणि तिथून महाराष्ट्राच्या संघात निवड हा रुळलेला मार्ग. याशिवाय मानांकनावर (रेटिंगवर) किंवा आधीच्या कामगिरीवर थेट प्रवेशही असतो. त्याच्या अटी दर वर्षीच्या परिपत्रकात दिलेल्या असतात, त्या परिपत्रकातूनच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपावर विसंबू नका. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची त्या वर्षाची नोंदणी आणि फिडेचा, म्हणजे जागतिक महासंघाचा क्रमांक आधीच काढून ठेवा.

तिथे समोर कोण येतं, हे कसं ठरतं?

अलीकडे ही स्पर्धा ११ फेऱ्यांच्या स्विस पद्धतीने होते. कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्या दोघी समोरासमोर येतात. जिंकत राहिलात की समोरची तगडी होत जाते, हरलात की थोडी सोपी. पांढरी आणि काळी मोहरी शक्यतो आलटूनपालटून मिळतात. सहसा कुणाला सलग तीनदा एकच रंग येत नाही.

पुढच्या फेरीच्या जोड्या बहुधा आदल्या रात्री लागतात. मग हॉटेलच्या खोलीत समोरचीचे जुने डाव काढून बघणं सुरू होतं: ती राजासमोरचं प्यादं आधी ढकलते की वजिरासमोरचं, सिसिलियन या सुरुवातीला काय खेळते, वगैरे. ही तयारी तासाभरात आटोपावी. रात्री एकपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पाच तास खेळणार कशी?

मुलींची वेगळी स्पर्धा कशाला हवी? बुद्धीच्या खेळात मुलगा-मुलगी भेद कसला?

हा प्रश्न मला आवडतो, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका घराच्या इतिहासात आहे.

पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली बंगळूरला झाली आणि ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकरने. पुढची सुमारे दहा वर्षं हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींतच फिरत राहिलं. रोहिणीने ते पाच वेळा जिंकलं आणि १९८१ मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. जयश्री ही आंतरराष्ट्रीय महिला मास्टर किताब मिळवणारी पहिली भारतीय. घर 'नवाकाळ'वाल्या नीळकंठ खाडिलकरांचं.

पण या घराची सर्वात मोठी कामगिरी महिलांच्या स्पर्धेबाहेर घडली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी विश्वविजेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून स्त्रियांना वगळता येणार नाही. आज तुमची मुलगी पुण्यातल्या कुठल्याही खुल्या स्पर्धेत नाव नोंदवते आणि कुणी भुवई उंचावत नाही, त्यामागे ही लढाई आहे.

म्हणजे खुलं दार आहेच. मग महिलांची स्पर्धा कशासाठी? माझं म्हणणं असं. राज्याच्या खुल्या स्पर्धेत शंभर मुलांमध्ये दहा मुली असतात. त्यातली बारा वर्षांची एखादी सगळ्या फेऱ्यांत एकटीच मुलगी म्हणून बसते, तिच्या शेजारच्या पटावरही मुलगाच असतो. नॅशनलमध्ये तिला आपल्यासारख्या, आपल्याहून कितीतरी ताकदीच्या बायका रांगेने बसलेल्या दिसतात. कुणी नोकरी सांभाळून आलेली असते, कुणाचं बाळ आजीपाशी असतं. हा खेळ पुढे आयुष्यभर खेळता येतो, हे तिला त्या सभागृहात कळतं. शिवाय भारतीय संघाची निवड, नोकरीतली क्रीडा भरती, बक्षिसं यांचा रस्ता इथून जातो.

तेव्हा दोन्हीकडे खेळा. फक्त मुलींच्या स्पर्धा निवडून खेळणाऱ्या मुलीची वाढ मला खुंटलेली दिसते. सोपे गुण मिळतात, पण ताकद येत नाही.

डब्ल्यूजीएम आणि जीएम यात फरक किती?

बराच. महिला ग्रँडमास्टरला २३०० मानांकन आणि तीन नॉर्म (स्पर्धेत गाठायची ठरावीक पातळीची कामगिरी) लागतात, ग्रँडमास्टरला २५०० आणि तीन नॉर्म. एस. विजयालक्ष्मी भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर. पूर्ण ग्रँडमास्टर किताब भारतात आतापर्यंत हम्पी (२००२), हरिका (२०११), वैशाली (२०२३) आणि दिव्या (२०२५) या चौघींनी मिळवला. दिव्याच्या खाती त्याआधी एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता, विश्वचषकाच्या विजेतेपदाने किताब थेट मिळाला.

पटावरच्या कोणत्या नियमांत मुली अडकतात?

हात लावलेल्या मोहऱ्याचा नियम (हात लावला की तेच खेळायचं) सगळ्यांना माहीत असतो, तरी त्याच्या कडेला बरंच काही असतं.

कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजालाच हात लावायचा, आणि एकाच हाताने. आधी हत्ती उचलला आणि मग राजा, तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला करता येत नाही. घरी बाबांशी खेळताना कुणी हरकत घेत नाही, नॅशनलमध्ये समोरची हात वर करून पंचांना बोलावते. आणि तिचं बरोबरच असतं.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि हाताशी जादा वजीर नाही, असं घाईत होतं. कित्येकजणी मारलेला हत्ती उलटा ठेवून "वजीर" म्हणतात. उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो, तोंडाने काहीही म्हणा. अशा वेळी घड्याळ थांबवायचं, पंचांकडे वजीर मागायचा, तो ठेवायचा आणि मग घड्याळ सुरू करायचं. आणि प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती चूक चाल ठरते. पहिल्या चूक चालीला समोरचीला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसरीला डाव जातो.

बरोबरीचा प्रस्ताव द्यायचीही एक पद्धत आहे. आधी आपली चाल करायची, मग प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. समोरची विचार करत असताना "ड्रॉ?" असं विचारणं चुकीचं, आणि पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्रास देणं, त्याची तक्रार होऊ शकते. किती चालींच्या आत प्रस्ताव द्यायचा नाही, याचा नियम त्या स्पर्धेच्या पत्रकात असतो.

सगळ्यात जास्त अर्धे गुण मात्र बुडतात ते तिसऱ्यांदा तीच स्थिती येते तेव्हा. मुलीला कळतं की स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे, ती आनंदाने चाल करते, घड्याळ दाबते आणि मग पंचांना बोलावते. तोवर हक्क गेलेला असतो, कारण आता चाल समोरचीची. ज्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार ती चाल पटावर न करता आधी कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं की या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येते, मी बरोबरी मागते. पंच तुमची चालींची नोंद तपासतात. दावा चुकला तर समोरचीला दोन मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. नोंद गिचमिड असेल तर स्वतःचा दावा स्वतःलाच नीट मांडता येत नाही. म्हणून मी अक्षरावरून बोलत असतो, मुलींना वाटतं सर उगाच मागे लागतात.

दर चालीला ३० सेकंदांची भर असताना वेळ कितीही कमी उरला तरी लिहिणं थांबवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

डाव चालू असताना स्वच्छतागृहात जाता येतं का? पाळीचे दिवस असतील तर?

जाता येतं. आपली चाल असेल तर पंचांची परवानगी घेऊन जायचं, समोरचीची चाल असेल तेव्हा जाणं सोयीचं. घड्याळ मात्र थांबत नाही.

पाळीबद्दल मुली कुजबुजत विचारतात, आया तर विचारतही नाहीत. अकरा फेऱ्या म्हणजे बहुतेक अकरा दिवस, सभागृहात पाच-पाच तास बसायचं, त्यात हे दिवस कधीतरी येणारच. घरी जी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेत असाल ती सोबत ठेवा, नवं औषध तिथे पहिल्यांदा घेऊ नका. गडद रंगाचा सैल पेहराव, जादा पॅड आणि सभागृहात गारवा असेल म्हणून एक शाल किंवा जॅकेट. फेरीआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवायचं. त्रास फारच वाढला तर पंचांना सांगायला लाजू नका. मी स्वतः पुरुष प्रशिक्षक आहे, म्हणून आमच्याकडे स्पर्धेला निघताना एखाद्या आईला किंवा मोठ्या खेळाडूला सोबत यायची विनंती मी आधीच करतो.

मोबाइल बंद करून बॅगेत ठेवला तर चालतो ना?

खेळाच्या जागी मोबाइल न नेणं हेच उत्तम. स्मार्टवॉचही नको. स्पर्धेच्या नियमांत बॅगेत ठेवायची मुभा दिलेली असेल तरच, पूर्ण बंद करून, ठरवून दिलेल्या जागी ठेवा. खेळाडूच्या अंगावर फोन सापडला की डाव जातो. बाबांकडे देऊन आत जा.

सुरुवातीच्या चाली (ओपनिंग) पाठ करायच्या की एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा शिकायचा?

पालकांना ओपनिंगचं आकर्षण असतं, कारण त्याचे कोर्स विकत मिळतात. पण वर जे वेळेचं गणित मांडलं ते परत बघा. पाचव्या तासाला पटावर काय उरलेलं असतं? बहुधा दोन राजे, दोन हत्ती आणि थोडी प्यादी. तिथे पाठ केलेला सिसिलियन उपयोगी पडत नाही.

एकच उदाहरण घेतो. तुमच्याकडे राजा आणि हत्ती, समोरचीकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. तुम्ही काळ्या मोहऱ्यांनी खेळताय, तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत शेवटच्या ओळीत उभा आहे. पांढऱ्याच्या बाजूने मोजलं तर प्यादं पाचव्या ओळीवर, पांढरा राजा त्याच्या शेजारी. घाबरलेली मुलगी इथे लगेच शह द्यायला धावते आणि राजा पुढे घुसतो. करायचं ते उलट: आपला हत्ती सहाव्या ओळीवर आणून ठेवायचा आणि त्याच ओळीवर इकडून तिकडे हलवत राहायचं. पांढऱ्या राजाला सहावी ओळ ओलांडता येत नाही. मग समोरची वैतागून प्यादं सहाव्या ओळीवर ढकलते. त्याच क्षणी हत्ती थेट पहिल्या ओळीवर, म्हणजे पटाच्या पार खालच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. आता प्यादंच सहाव्या ओळीवर बसलंय, त्यामुळे पांढऱ्या राजाला शहांपासून लपायला त्याच्यापुढे जागा उरत नाही. डाव बरोबरीत.

याला फिलिडोरचा बचाव म्हणतात. फिलिडोर अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, पण त्याचा हा बचाव आजही दर स्पर्धेत कुणाचा तरी अर्धा गुण वाचवतो. समजायला अर्धा तास पुरतो. साडेचार तास खेळून, घड्याळात दोन मिनिटं असताना तो आठवायला मात्र वीस-पंचवीस वेळा प्रत्यक्ष खेळून हातात बसलेला असावा लागतो. ओपनिंगचं काय? पांढऱ्याने एक, काळ्याने दोन व्यवस्थित, समजून. चौदा वर्षांपर्यंत एवढं पुरे.

मानांकन घसरलं तर?

घसरेल, आणि परत चढेल. १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूचा गुणक (मानांकन किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो. म्हणजे २०० गुणांनी खालच्या खेळाडूशी हरलं की सुमारे ३० गुण जातात आणि २०० गुणांनी वरच्या खेळाडूला हरवलं की तेवढेच मिळतात. एवढ्या झोक्यात दर फेरीनंतर कॅल्क्युलेटर काढणाऱ्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, ते मुलीसमोर करू नका. तिसऱ्या फेरीनंतर "आत्तापर्यंत उणे बावीस" ऐकलेली मुलगी चौथ्या फेरीत पटावर बसते तेव्हा तिला पट दिसत नाही, बावीस दिसतात.

हरून आली की काय बोलायचं?

शक्यतो काही नाही. पाणी द्या, जेवायला घेऊन जा. "तो घोडा का नाही घेतलास?" हा प्रश्न दरवाजातच विचारणारे पालक मी दर स्पर्धेत बघतो. त्यांनी बाहेर मोबाइलवर इंजिनचा, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमचा आकडा पाहिलेला असतो. आत बसलेल्या मुलीकडे इंजिन नव्हतं, तिच्याकडे सहा मिनिटं होती.

डाव बघायचा तो संध्याकाळी, थोडी झोप झाल्यावर. आधी इंजिन न लावता. तिने स्वतः सांगायचं, कुठे काय वाटलं होतं, कुठे भीती वाटली, किती वेळ कुठे गेला. आम्ही नोंदीच्या कागदावर दर चार-पाच चालींनी घड्याळातला उरलेला वेळही लिहायला लावतो, नियमात ते चालतं. त्यावरून फार काही कळतं. अमुक चालीला पस्तीस मिनिटं गेली आणि पुढच्या दहा चालींना मिळून अकरा, हे एकदा कागदावर दिसलं की मला वेगळं काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी फेरी असेल तर हे सगळं अर्ध्या तासात संपवायचं.

रडू आलं तर रडू द्या. हा खेळ एकटीने खेळायचा असतो, दोष वाटून घ्यायला संघसोबती नसते.

डावाच्या वेळी खायला काय द्यावं?

जे घरी खाते तेच. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं, पाणी. फेरीआधी पोटभर मिसळ नको, ती नंतर.

दहावीच्या वर्षी खेळावं का?

शाळेची परवानगी असेल तर मुलीला विचारा. वर्षभर पूर्ण थांबलेल्या मुलींना परत पटावर बसताना फार जड जातं, हे मी पाहिलं आहे. मोठ्या स्पर्धा कमी करा, पण आठवड्याला एक लांब डाव चालू ठेवा. मुलग्यांच्या बाबतीत हा प्रश्न मला क्वचितच विचारला जातो, ते मला खटकतं.

खर्च किती येतो?

प्रवेश फी ही त्यातली लहान बाब. प्रवास, अकरा-बारा दिवसांची राहायची सोय, सोबत येणाऱ्या पालकाची रजा, हे खरं ओझं. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकच घर भाड्याने घेतलं आणि एका आईने सगळ्याच मुलींकडे बघितलं, तर भार निम्म्यावर येतो. स्पर्धा कोल्हापूरसारखी जवळ आली तर ती संधी सोडू नका, खेळायला नाही तरी बघायला जा.

पुण्यातून कुणी इथवर पोचलंय का?

पोचलंय ना. ईशा करवडे आंतरराष्ट्रीय मास्टर आहे, बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताकडून खेळली आहे. सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये अर्जेंटिनात जागतिक ज्युनियर मुलींची विजेती झाली. २०१८ मध्ये इराणमधल्या आशियाई सांघिक स्पर्धेत डोक्यावर स्कार्फ सक्तीचा होता म्हणून तिने संघातून माघार घेतली, आपली भूमिका जाहीरपणे मांडली. २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा कर्णधार अभिजित कुंटे हाही पुण्याचाच ग्रँडमास्टर. आणि २०१४ ची जागतिक ज्युनियर स्पर्धा पुण्यात झाली होती. मुलींमध्ये रशियाची गोर्याचकिना जिंकली. ती पुढे २०२० मध्ये विश्वविजेतेपदाच्या लढतीत उतरली.

स्पर्धेला जाता आलं नाही तर घरी बसून डाव कसे बघायचे?

वरच्या पटांचे डाव बहुधा थेट दिसतात, फसवणूक टाळण्यासाठी काही मिनिटं उशिराने. जोड्या आणि निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर मिळतात. बघताना इंजिनचा आकडा झाकून टाका. एकच डाव निवडा, शक्यतो मुलगी स्वतः जे ओपनिंग खेळते तो. घरातल्या लाकडी पटावर तो मांडत जा, प्रत्येक चालीआधी तिला विचारा, "तू काय खेळली असतीस?" आणि तिचं उत्तर वहीत लिहून ठेवा. खेळाडूने वीस मिनिटं घेतली तर तुम्हीही वीस मिनिटं थांबा. वही घेऊन क्लासला या, आपण तिची उत्तरं एकेक करून तपासू.